शालन, सेल्फ मार

इस्माईलभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. इस्माईलभाईंचं कुपवाडला गॅरेज आहे. आमच्या ट्रकचे मिस्त्री तेच आणि आमच्या ह्यांचे जिवाभावाचे दोस्तही तेच. एरवी त्यांचा फोन ह्यांना यायचा, मला कधी नाही. "वहिनी, तुमी आधी खाली बसा," ते म्हणाले. आधी बसवून जी बातमी सांगतात ती चांगली नसते, एवढं मला कळतं. मी बसले नाही. हातातला डाव तसाच धरून ऐकत राहिले... आणि फोन ठेवल्यावर उरलेल्या पोरांना वाढलं. नंतर लोक म्हणाले, बाई मनाची घट्ट आहे. घट्ट कसली, मला दुसरं काही सुचलंच नाही.

गावात ह्यांना सगळे फौजी म्हणत. लग्न झालं तेव्हा ते फौजेत गाड्या चालवत होते, आणि निवृत्त होईपर्यंत आमचा संसार हा सुट्टीचा संसार होता. आले की काळी ट्रंक उघडायची, जायची वेळ आली की ती भरायची. लेक चालायला लागली तेव्हा ते नव्हते, सासूबाई गेल्या तेव्हाही नव्हते. मी कधी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही, केली, आणि भरपूर केली. पण मनात एक होतं, की हा माणूस कधीतरी कायमचा घरी येणार आहे. पेन्शनीत आले त्या दिवशी मी ती ट्रंक स्वतः माळ्यावर टाकली. आणि अजून वर्षही झालं नव्हतं, तोवर एका सकाळी दारात हार घातलेला दहा चाकी ट्रक उभा. जुना होता, पण रंग नवा दिलेला. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माणूस परत आला म्हणून मी खंडोबाला नारळ फोडला होता, आणि इकडं माणसानं परत जायची सोय करून ठेवली होती. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं.

आमच्याकडं अबोला म्हणजे काही बोलणं बंद नव्हे. बोलणं सुरूच असतं, फक्त ते तिसऱ्याच कुणाला तरी ऐकवायचं असतं. लेक पुण्याला शिकायला असल्यामुळं आमच्या घरात तिसरा उरला होता तो एकटा खंडोबा. "देवा, भाकरी झाल्यात, कुणाला खायच्या असतील तर खावं," असं मी म्हणायची. त्यावर पलीकडून, "देवा, मीठ जरा कमी पडलंय." हे चाललं होतं तेवढ्यात माझ्या भाचीचा सांगलीत साखरपुडा ठरला. नेमका त्याच दिवशी ह्यांना फलटणहून साखरेची पोती भरून कुपवाडला न्यायची होती. घरचा ट्रक तिकडंच निघालेला असताना मी एसटीनं गेले असते तर चार लोकांत बरं दिसलं नसतं. म्हणून भरलेला ट्रक साताऱ्यावरून निघाला तेव्हा जरीची साडी नेसून मी केबिनमध्ये चढले. काचेपाशी खंडोबाचा फोटो होताच, त्यामुळं बोलायची अडचण नव्हती.

सातारा मागं पडला आणि डिझेलचा पिवळा दिवा लागला. मला दिसला. मी फोटोकडं बघून म्हटलं, "देवा, दिवा लागलाय, कुणाला दिसतोय का?" ह्यांनीही फोटोलाच सांगितलं, की सकाळी टाकीत काठी घालून बघितलंय, डिझेल लय हाय, दिवा जुना झालाय, उगंच लागतो. आता काठी खोटं बोलत नाही हे खरं, पण आदल्या रात्री ट्रक तिकडं फलटणलाच उसाच्या बांधाला एका अंगावर कललेला उभा होता, आणि कललेल्या टाकीत एका बाजूला डिझेल वर चढलेलं दिसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पंपावर थांबलेही असते. पण तेव्हा थांबणं म्हणजे माझं ऐकणं झालं असतं. आणि मीही देवाला एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगणार नव्हते. उंब्रज जवळ आलं तसं इंजिन ठसकायला लागलं, दोनचार गचके दिले आणि बंद पडलं.

कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ते पंपावर गेले आणि कॅन भरून आणला. मला वाटलं, आता डिझेल ओतलं की निघालो. पण डिझेल गाडीचं तसं नसतं. टाकी कोरडी झाली की पाइपात हवा शिरते, गाडी एअर धरते म्हणतात, आणि ती हवा काढल्याशिवाय डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. फिल्टरवरचा एक स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. एवढं झालं की एकानं वर बसून सेल्फ मारायचा, म्हणजे किल्ली फिरवायची, आणि दुसऱ्यानं खाली लक्ष ठेवायचं. एकट्याचं ते काम नव्हे. खालून पंपाचा आवाज थांबला. मी किल्लीवर हात ठेवून बसले होते. खालून आवाज आला, "सेल्फ मार." मी गप्प. पुन्हा आला, "सेल्फ मार म्हणतोय." तेव्हा मी खिडकीतून वाकून विचारलं, "देवाला सांगताय का मला?"

रस्त्यावरून गाड्या जात होत्या... मग ते टायराआडून उठून समोर आले. कोपरापर्यंत डिझेल, कपाळाला काळं. म्हणाले, "शालन, सेल्फ मार."

मी किल्ली फिरवली. थांब म्हटलं की थांबायची, मार म्हटलं की फिरवायची. शेवटी ट्रकनं पांढरा धूर सोडला आणि सुरू झाला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. आणि तेवढ्यात समोर दुसरा पिवळा दिवा लागलेला दिसला. हा डिझेलचा नव्हता, इंजिनचा होता. त्यांनी उतरून पाइप बघितले, स्क्रू पुन्हा आवळला, कुठं गळत नव्हतं. बंद करून परत चालू केला तरी दिवा तसाच. ऑइलचा काटा जागेवर, गरमीचा काटा जागेवर, ट्रक ओढतही होता. म्हणाले, लाल असता तर हितनं हाललो नसतो, पिवळा हाय तर सावकाश जाऊ, तू तेवढं दिव्यावर ध्यान ठेव. मी उंब्रजपासून कुपवाडपर्यंत त्या दिव्याकडं बघत बसले. इतकं लक्ष देऊन मी कधी टीव्हीही बघितला नसेल.

इस्माईलभाईंनी मशीन जोडून बघितलं. डिझेल संपल्यावर लाइनीत दाब उतरला होता, त्याची नोंद गाडीनं करून ठेवली होती. त्यांनी ती पुसली, दिवा गेला, आणि गॅरेजला एक चक्कर मारून येईतो परत लागला. मग फिल्टर उघडला. टाकीच्या तळाचा सगळा गाळ त्यात येऊन बसला होता. नवा फिल्टर घातला, पुन्हा एअर काढली, आणि या खेपेला नोंद मात्र पुसली नाही. का म्हणून मी विचारलं. इस्माईलभाई म्हणाले, पुसली तर दिवा लगेच जाईल, पण रोग गेला का न्हाई ते कळणार न्हाई. रोग खरंच गेला असंल तर चारदोन वेळा गाडी नीट सुरू झाली की दिवा आपोआप जातो. "गाडीची खात्री पटाय लागती, वहिनी."

साखरपुड्याला पोचलो तेव्हा जेवणावळी उठत होत्या. परतीच्या वाटेवर मीच विषय काढला. ट्रक विका असं म्हटलं नाही, कारण उंब्रजला चाकापाशी बसलेला माणूस मी बघितला होता. त्या कामात त्यांचा जीव होता. मी एवढंच म्हटलं, की दिवसभर कुठं जायचं तिकडं जावा, पण रात्रीचं जेवण घरी. त्यांनी लगेच हो म्हटलं. मी म्हटलं, माझीसुद्धा खात्री पटायला वेळ लागेल. दोनतीन दिवसांनी सकाळी त्यांनी ट्रक सुरू केला आणि मला अंगणातून हाक मारून बोलावलं. दिवा गेला होता. माझी खात्री पटायला त्याहून पुष्कळ जास्त दिवस लागले, पण पटली. लांबची भाडी त्यांनी सोडून दिली. हुबळीचं नको, मुंबईचं नको. कितीही उशीर झाला तरी हातपाय धुऊन पाटावर येऊन बसायचे, आणि दिवसभराचं सगळं मला सांगायचे. आधीच्या इतक्या वर्षांत बोलायचं राहून गेलेलं आम्ही त्या जेवणांत बोललो.

ह्यांचं दिवसकार्य उरकल्यावर इस्माईलभाई ट्रक घेऊन आले. फोनवर सांगितलं नव्हतं ते तेव्हा सांगितलं. त्या दिवशी माल उतरवल्यापासून ह्यांना बरं वाटत नव्हतं, घाम येत होता. इस्माईलभाईंनी गॅरेजातल्या खाटेवर झोपा म्हटलं, डॉक्टरला बोलावतो म्हटलं, आज हितंच राहा म्हटलं. तर म्हणाले, "न्हाई गड्या, ती जेवायची थांबलेली असती." उठले, केबिनमध्ये जाऊन बसले. किल्ली लावली होती, फिरवलेली नव्हती.

तो शब्द मीच तर घेतला होता त्यांच्याकडून. मी तसं स्पष्ट विचारलं, की भाई, माझ्यामुळं का? इस्माईलभाई म्हणाले, "वहिनी, त्यांना कुणी वढून न्हेत न्हवतं. घरी निघायचं म्हणलं की गडी खुश असायचा. त्या दिवशी बी होता." मला अजूनही काही रात्री तो प्रश्न पडतो. काही रात्री उत्तर पटतं, काही रात्री पटत नाही.

फौजेतल्या सवयीनं ते ट्रक नेहमी मागं घेत अंगणात लावायचे, तोंड रस्त्याकडं, म्हणजे सकाळी निघताना वळवायला नको. इस्माईलभाईंना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी सरळ आत घातला. त्यामुळं ट्रक आता घराकडं तोंड करून उभा आहे. परवा पुतण्या म्हणाला, काकी, फिरवून नीट लावू का? मी नको म्हटलं. सगळा जन्म ते निघाले ते या घरातून. शेवटचे निघाले ते या घराकडं. ट्रक राहू दे तसाच.