बबनकाकांचा खडू

बबनकाका गेल्याचं मला ज्यानं फोनवर सांगितलं, त्यानं त्याच दमात पुढचंही सांगून टाकलं, "शेवटचं काम माझंच केलं बरं का मिस्त्रींनी. माझ्या पोकलेनला बकेट बसवून दिली." मृत्यूची बातमी देताना कुणी स्वतःच्या बकेटची ग्वाही कशाला देईल? रडू यायच्या आधी मला संशय आला. काकांना हा क्रम आवडला असता.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. पेठला रस्त्याकडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. वडील चळवळीतले, त्यामुळं आमच्या घरी मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. प्रत्येक पत्रकात कुणीतरी चोर असायचा. काका ते वाचून चष्म्यावरून बघायचे, "ह्यो चोर हाय, हे तपासलं कुनी?" वडील चिडायचे, मीही चिडायचे. काकांचा मात्र एका गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता... जुन्या लोखंडावरच्या नव्या रंगावर.

काकांची नि माझी शेवटची भेट झाली त्या दिवशी फोनवरचा हाच पोकलेनमालक ती बकेट घेऊन आला होता. बकेट मोठ्या पोकलेनची, याची पोकलेन लहान. पिनांची भोकं मोठी, ती भोकं असलेल्या दोन जाड पट्ट्यांमधलं, म्हणजे कानांमधलं, अंतर जास्त. भोकांत बुश, म्हणजे लोखंडी नळ्या, घालायचे, फटीत वॉशर भरायचे, हे काकांचं नेहमीचं काम. पण कानांवर ताजा पिवळा रंग होता. काकांनी तो कानशीनं खरवडला, डिझेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. चहा होईपर्यंत पांढऱ्यावर ओली काळी रेघ उमटली. चिरेत मुरलेलं डिझेल बाहेर आलं होतं.

"वरनं वेल्डिंग मारा की मिस्त्री. कोन बघतंय?"

"बकेटीखाली जो हुबा ऱ्हाईल, त्यो बघंल."

"लई संशयी राव तुमी!"

"म्हनून तर धाच्या धा बोटं जाग्यावर हायेत."

काकांनी चिरेच्या दोन्ही टोकांवर पंचनं ठिपका ठोकला. काम घेतलं तर ते आधी त्या ठिपक्यांवर ड्रिलनं भोक पाडत, म्हणजे चीर पुढं पळत नाही, वेल्डिंग त्यानंतर. त्या दिवशी त्यांनी ड्रिल उचललंच नाही. "भंगारात घाल," एवढंच म्हणाले.

काकांचं दहावं उरकल्यावर मी आणे गावाला गेले. तिथं ती पोकलेन शेततळं खोदत होती. पिशवीत मालकाविरुद्ध मी लिहिलेलं पत्रक तयार होतं, मनात मात्र नको तो संशय... मी निघून आल्यावर काकांनी काम घेतलं तर नसेल? ऑपरेटर पिंपरी पेंढारचा. तो म्हणाला, "काकांनी बसवलीया ताई, म्हनून तर बिनघोर चालवतो. न्हायतर खाली मानसं असताना असली जुनी बकेट कोन फिरवंल?" खाली खड्ड्यात दोघं जण कडा तासत होते.

मी बकेट जमिनीवर टेकवायला लावली. कानस, डिझेल, खडू.

"ताई, शाळेची पाटी वाटली व्हय ही?" तो हसला. मग रेघ उमटली. मधल्या भागावर वरवर मारलेलं वेल्डिंग होतं, आणि रंगाखालून काकांचा ठिपका निघाला. नुसता ठिपका, भोक नाही. काकांनी ते काम घेतलंच नव्हतं. रेघ तो ठिपका ओलांडून बोटभर पुढं गेली होती. मी त्याला अर्थ सांगितला. त्यानं खालच्या दोघांना वर बोलावलं, किल्ली काढून खिशात घातली आणि मालकाला फोन लावला, "काकांच्या नावाची ढाल खाली ठेवा मालक. बकेट मी खाली ठेवलीया."

पत्रकातली दोन वाक्यं मी तिथंच खोडली. ती तपासलेली नव्हती.

दुकान आता बंद असतं. पण हा प्रकार तो ऑपरेटर सगळीकडं सांगत फिरतो, त्यामुळं पोकलेनवाले पेठला थांबतात, खडू मागतात. काकी रोज सकाळी खडूंचा डबा दुकानाच्या कट्ट्यावर ठेवते. परवा खडू संपले म्हणून मी नवी पेटी नेऊन दिली. काकीनं ती उघडली, एक खडू काढून शटरवर ओढून पाहिला... आणि मगच डबा भरला.