विठोबाने पाजलेलं पाणी

मिठबावात विठोबासारखा पाडेली दुसरा नव्हता. कमरेला कोयता लावून तो झपाझप माडावर चढे, आणि खाली नारळ गोळा करणारी त्याची बायको गंगू त्याला हाका मारून भंडावून सोडी.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात गंगूचे पाय सुजले. लघवी कमी झाली, अन्नावरची वासना उडाली. भेटेल तो म्हणे, शहाळ्याचं पाणी दे, लघवी साफ होईल. विठोबा रोज कोवळी शहाळी उतरवी आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन पाजी. गंगू मात्र गळतच चालली. एका सकाळी तिला हातात पेलाही धरवेना. विठोबाने आंब्याच्या ट्रकवाल्याचे पाय धरले आणि तिला घेऊन मालवणचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला. कागदावरचे टोकदार सुळके पाहून त्यांनी विचारलं, "ही काय खाते, काय पिते?"

"शहाळ्याचा पाणी, डॉक्टरांनु. दुसरा काय पोटात जाय नाय."

डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं आणि लगोलग शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्शुलिनसोबत ग्लुकोज. दुपारी गंगूची नाडी ताळ्यावर आली. तिने डोळे उघडून विचारलं, "तू जेवलंस काय रे?"

विठोबाला रडूच आलं. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "शहाळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. निरोगी मूत्रपिंडं जास्तीचा क्षार लघवीतून बाहेर टाकतात. हिची थकलीत. तो रक्तात साचला आणि हृदयावर आला."

"म्हणजे मीच तिका विख पाजलंय?" विठोबाने विचारलं.

शेजारच्या टेबलाशी दवाखान्याच्या कारकून सुशीलाबाई जाड पुस्तकात बघून प्रत्येक आजाराचा क्रमांक नोंदीत घालत. त्यांनी ते ऐकलं. "डॉक्टर, विषबाधेचा क्रमांक घालू का?"

"छे! तिने विष घेतलेलं नाही. मूळ रोग मूत्रपिंडांचा, त्याचा क्रमांक घाला. पोटॅशियम वाढलं ते त्याच्यापायी. पण रक्त तपासायला बेळगावला पाठवतोय, आकडा येईपर्यंत ते नुसतं 'संशय' म्हणून लिहा."

आकडा आला तेव्हा संशय खरा ठरला. सुशीलाबाईंनी मूळ रोगाखाली वाढलेल्या पोटॅशियमची नोंद केली. विठोबा दारातच घुटमळत होता.

"बाय, माझा नाव खंय घातलंस?"

"नवरा म्हणून, आणखी कुठे? आजारात तुमचं नाव कशाला येईल?" त्या म्हणाल्या, आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

घरी आल्यावर चूल विठोबाकडे आली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केळं बंद, शहाळं बंद. भाजी भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून टाकायचं, म्हणजे त्यासोबत क्षारही जाई. पुरुषाला रांधताना पाहून शेजारच्या बायका हसत. गंगू कुरकुरे, "ह्या काय जेवाण? घासाक चव नाय." तो दुसरा घास पुढे करी.

त्या जेवणावर गंगूने दोन वर्षं काढली. लेक मथुरा हिचं लग्न डोळ्यांनी पाहिलं. मग मूत्रपिंडांनी पुरतेच हात टेकले आणि गंगू गेली.

बाराव्याच्या दिवसाला आलेली शेजारीण यमुनाबाई बोलून गेली, "त्या शहाळ्यांनीच घात केल्यानी रे."

विठोबाने डोळे पुसले. "नाय गो. तिची मूत्रपिंडा थकलेली. शहाळ्यांनी दुखणा वाढला, पण तेव्हा आमका कोणाकच ता म्हाईत नव्हता."

यमुनाबाईलाही आठवलं असावं, शहाळी द्यायला सांगणाऱ्यांत आपणही होतो. ती उठली आणि त्याच्या पुढ्यातलं ताट त्याच्याकडे सरकवून म्हणाली, "दोन घास खा रे, बाबा."