मायच्या मनगटावरची बुट्टी

आमच्या कापड मार्केटात डिझाइन काढायची एक रीत आहे. शेठ दुसऱ्याच्या दुकानातली साडी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "थोडुं चेंज करी नाख." बारा वर्षं मी हेच करतोय. मोराची मान फिरवायची, पान जरा जाड करायचं, झालं नवीन डिझाइन. एकदाच हुक्की आली आणि स्वतःचं काहीतरी काढलं.

स्वतःचं म्हणजे तरी काय, मायच्या मनगटावरचं गोंदण. एक चौकट, आत नऊ ठिपके. पण मायचे आठच आहेत. लहानपणी जत्रेत गोंदून घेताना नवव्या ठिपक्याला तिने बोंब ठोकली आणि हात ओढून पळाली. मीही साडीच्या बुट्टीत, म्हणजे अंगभर फिरणाऱ्या छोट्या नक्षीत, आठच काढले. साडी तुफान चालली.

महिन्याभरात समोरच्या शेठकडे तीच साडी, तेच आठ ठिपके. वर त्यानेच व्यापाऱ्यांच्या पंचांकडे तक्रार केली, की चोर आम्ही! आमचा शेठ मला म्हणाला, "डिझाइन त्याचं निघालं तर उद्यापासून येऊ नको." अरे वा! बारा वर्षं चोऱ्या केल्या तर पगारवाढ, आणि एकदा खरं काढलं तर घरचा रस्ता. असला संताप आला!

शेवटी मायलाच गोडादऱ्याच्या आमच्या घरून रिक्षात घालून नेलं. पंचांसमोर तिने बांगड्या वर सारल्या. मुख्य पंचांनी चष्मा लावून ठिपके मोजले, साडीवरचेही मोजले.

"मांजी, नववा कुठे गेला?"

"दुखनं भाऊ. मंग सोडी दिधं."

निकाल आमच्या बाजूने लागला. कागद तयार झाला, साक्षीदार म्हणून मायचा अंगठा घेतला. शेठने पेढे मागवले. मायला दोन दिले.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "कागदवर काय लिखेल व्हतं?"

मी सांगितलं. ही बुट्टी आमच्या शेठच्या मालकीची. त्यांच्या परवानगीशिवाय ती कुणी कुठेही वापरायची नाही.

माय मनगटाकडे बघत बसली. मग पदर त्यावर ओढत म्हणाली, "मंग आते मी हात झाकीसन फिरू का?"

"नही वं माय," एवढंच म्हणालो. लाजेने मान वर होईना. तिचा अंगठा उमटायच्या आधीच मी तो कागद वाचला होता.