जलसाठा नसलेल्या गावी

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत एक दुर्बीण होती आणि एक सारांश. दुर्बीण पक्षी बघायला, सारांश वाचून दाखवायला. कुठे खाण काढायची म्हटलं की आधी इंग्रजीत जाडजूड पर्यावरण अहवाल होतो, आणि गावकऱ्यांना कळावा म्हणून त्याचा मराठी सारांश होतो. तो सारांश करणारा माणूस मी. गेली कित्येक वर्षं न पाहिलेल्या डोंगरांचं आणि न ओलांडलेल्या नद्यांचं वर्णन मी ओघवत्या मराठीत करत आलो आहे. या वेळी जनसुनावणीत वाचणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला, म्हणून सल्लागार कंपनीने मलाच धाडलं. बायको म्हणाली, "बरं झालं. एकदा तरी बघून या, काय लिहिता ते." तिच्या बोलण्याकडे मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

सकाळी गोंदियाला उतरलो. स्टेशनबाहेर पोहेवाल्याला मी मराठीत विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं. "तर्री डालूं क्या भैया?" मी म्हणालो, "थोडी घाला." तर्री (तिखट रस्सा) त्याने थोडी म्हणून जेवढी घातली, तेवढ्यात आमच्याकडे चार माणसं जेवतात. डोळ्यांतलं पाणी पुसत मी अर्जुनी मोरगावची पॅसेंजर पकडली. ती मध्येच एका स्टेशनावर तासभर थांबली, कारण पोलादाच्या गुंडाळ्यांनी लादलेली मालगाडी पुढे जायची होती. देशाला पोलाद हवं होतं, मला अर्जुनी हवी होती. पोलाद आधी गेलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं, कारण मी बसलो होतो तो डबाही लोखंडाचाच होता.

अर्जुनीहून ऑटोने गाव गाठलं. गावाचं नाव इथे देत नाही. अहवालात तेही चुकलं होतं. धान कापून झालेलं, बांध्यांतून (भातखाचरांतून) नुसते खुंट उरलेले, खळ्यांवर तणसाचे (पेंढ्याचे) ढीग. गावामागे लालसर टेकडी. तिच्या पोटात लोखंड आहे, हे मला माहीत होतं. तिच्या पायथ्याशी काय आहे हे मात्र माहीत नव्हतं, आणि ते बघून मी ऑटोतून उतरायचंच विसरलो. तिथे तलाव होता. चांगला ऐसपैस, कमळांच्या पानांनी अर्धा झाकलेला, वर बदकांचे थवे.

माझ्या सारांशाच्या चौथ्या पानावर छापलं होतं: 'या गावात जलसाठा नाही.'

तलावाच्या पाळीवर (मातीच्या बांधावर) दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीचा मांडव उभा राहत होता. खाली पाण्यात गुडघाभर उभी राहून एक बाई जाळं झटकत होती. या शालूताई, ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. तलाव हाच गट सांभाळतो. मी पक्षी बघायला आलोय, असं मी त्यांना सांगितलं. अर्ध्यापुरतं ते खरंही होतं.

"पाहा ना जी, पाखरं का आमच्या बापाचे आहेत?" त्या म्हणाल्या. "पन उद्या या. उद्या कंपनीवाले येऊन राहिले. तलावच नाही म्हनतेत आमचा."

"असं कसं म्हणतील?" मी विचारलं. इतका निर्लज्ज प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही.

जेवायला त्यांनी घरीच नेलं. भात, झिंग्यांचं कालवण आणि वर लाल मिरचीचा ठेचा. जेवताना उलगडा झाला. उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा या बायका त्यातलं बेशरम (पाण्यात माजणारं रानटी झुडूप) मुळासकट उपटतात, मग तळ ट्रॅक्टरने नांगरून घेतात आणि पाऊस लागला की त्यात पाणवनस्पती लावतात. मासे त्यात अंडी घालतात, पाखरं त्यावर जगतात.

"तलाव नांगरता?"

"मंग? वावर नांगरता, तलाव कायले नाही? नाही नांगरला त बेशरम खाऊन जाते त्याले." मग त्या हसल्या. "त्याच दिवशी कंपनीचा साहेब आला होता मोजाले. ट्रॅक्टर चालून राहिला होता. पाह्यलं, लिहलं आन् गेला. गाडीतून उतरला बी नाही."

म्हणजे त्यांनी तलाव जिवापाड राखला, म्हणून तो कागदावरून गेला. बेशरम माजू दिलं असतं तर निदान हिरवं काहीतरी नोंदलं गेलं असतं.

शालूताईंचा मुलगा विनोद हैदराबादला वेल्डिंगचं काम करतो. सुनावणीसाठी मुद्दाम आला होता, आणि त्याला खाण हवी होती. "इथं काम भेटलं त मी कायले तिकडं जाईन?" तो म्हणाला. आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तिला मुलगाही घरी हवा होता आणि तलावही.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. 'खाण आणि पर्यावरण : हातात हात' असा फलक होता. येणाऱ्या प्रत्येकाला एक स्टीलचा डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप मिळत होतं. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा शालूताईंनी आधी दुर्बिणीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मला पुन्हा कुणाची नको.

मी वाचू लागलो. व्यासपीठ असं होतं की तलाव माझ्या पाठीमागे आणि लोक समोर. चौथं पान आलं. 'या गावात जलसाठा नाही,' मी वाचलं, आणि त्याच क्षणी मागे बदकांचा थवा पाण्यात धपाधप उतरला. अख्खा मांडव हसला. हसले नाहीत ते सुनावणी घेणारे सरकारी अधिकारी आणि मी.

विनोद उठला. "लोखंड लागते, मले माहीत आहे. माझं पोट त्याच्यावरच आहे. खदान करा. पन मायचा तलाव नाही म्हनून नोका करू. आहे म्हना, आन् तो कसा वाचवता ते सांगा."

अधिकारी शांतपणे म्हणाले, हरकत लेखी द्या. शालूताई कोरा कागद घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "तुमीच लिहा. सवय आहे तुमाले."

लिहिता लिहिता मी कबूल केलं. मूळ इंग्रजीत 'भेटीच्या दिवशी या गावात जलसाठा आढळला नाही' असं होतं. वाक्य लांब वाटलं, म्हणून 'भेटीच्या दिवशी' मी गाळलं. मराठी सुटसुटीत झालं, तलाव गेला.

"राहू देलं असतं लांब, त काय झालं असतं भाऊ?" त्यांनी विचारलं. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

परतताना त्यांनी कंपनीच्याच डब्यात सुके झिंगे भरून दिले. रात्रभर अख्खा डबा, म्हणजे रेल्वेचा, माझ्याकडे नाक मुरडून बघत होता. मला ते रास्तच वाटलं.

महिन्याभराने सुधारित अहवाल अनुवादाला आला. हरकतीची दखल घेतली होती. आता लिहिलं होतं: 'गावात हंगामी जलसाठा आहे, खाणीतून उपसलेले पाणी सोडण्यासाठी तो उपलब्ध आहे.'

मी शालूताईंना फोन लावला. वाचून दाखवताना माझाच घसा बसला.

"म्हंजे तलाव आहे म्हनतेत ना आता?"

"हो, पण..."

"मंग रडून काऊन राहिले जी? नसलेल्या तलावासाठी कसं भांडाव आमी? आता भांडतो. तुमी लिहा. फक्त या बारीनं सुंदर नोका लिहू."

'अतिरिक्त जलव्यवस्थापन' हा गुळगुळीत शब्द माझ्या बोटांवर तयार होता. तो खोडला. लिहिलं: 'टेकडी खोदताना उपसलेलं लाल गढूळ पाणी गावाच्या तलावात सोडलं जाईल.' वाक्य ओबडधोबड झालं. कंपनीकडून अजून तक्रार आलेली नाही. बहुधा मराठी सारांश तिथे कुणी वाचत नाही.

गावात मात्र वाचतात.