करप्याची तोंडी परीक्षा

वनस्पतिशास्त्राची माझी तोंडी परीक्षा माझ्या वडिलांनी दिली.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. होस्टेल बंद झालं आणि मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, आमच्या गावी आले. तास मोबाईलवर सुरू झाले, पण गावात रेंज नव्हती. ती होती फक्त माळावरच्या वठलेल्या आंब्याखाली, तीही पूर्वेकडं तोंड करून बसलं तर! (पश्चिमेकडं वळलं की सर गप्प व्हायचे. तो एक फायदाच.)

पहिले काही महिने मजेत गेले. मग त्या वीतभर पडद्याकडं बघून बघून डोक्याचा भुगा झाला. पुस्तक उघडलं की रडू यायचं. जेवण जाईना, झोप येईना. आई म्हणाली, "नजर लागलीया." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. आप्पा दुसऱ्या दिवसापासून छत्री घेऊन माझ्याबरोबर माळावर यायला लागले. छत्री मोबाईलवर धरायचे, मी उन्हात! "तू तापलीस तर पानी पाजता येतं. त्याला काय पाजू?"

तोंडी लांबत लांबत ऑक्टोबरात आली. त्या दिवशी माझा नंबर शेवटचा होता. माईक चालू ठेवून वाट बघता बघता, महिनाभर रुसलेली झोप मला नेमकी तिथं लागली! पुढचं सगळं मैत्रिणीनं सांगितलं.

सरांनी माझं नाव पुकारलं. पडद्यावर आप्पांची नुसती मिशी आली.

"कोण आपण?"

"कोमलचा बा."

"तिला द्या. परीक्षा आहे तिची."

"झोपलीया." आणि पुरावा म्हणून आप्पांनी मोबाईल माझ्यावर धरला. तोंड सताड उघडं, गालावर मुंगळा! अख्ख्या वर्गानं बघितलं.

"अहो, उठवा! मार्क जातील."

"जाऊ द्या, सर. म्हैना झाला, पोरगी धड जेवली न्हाई, धड झोपली न्हाई. आत्ता कुठं डोळा लागलाय. मी न्हाई उठवायचो. लईच नड असंल तर मला इचारा."

सर गप्पच. (आप्पांना वाटलं, रेंज गेली. ते पूर्वेकडं सरकले.) मग सरांनी हळूच विचारलं, "भातावरचा करपा कसा ओळखता?"

झालं! "पानावर डोळ्यावानी ठिपकं पडत्यात. युरिया सैल हातानं टाकला की आलाच समजा!" बोलता बोलता आप्पा थेट माळाखालच्या भातखाचरात उतरले आणि रोगट पान उपटून, परत वर येऊन त्यांनी ते कॅमेऱ्याला चिकटवलं. पोरं वह्या काढून लिहीत होती म्हणे!

मला जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती.

"आप्पा! माझी परीक्षा?"

"उद्याला हाय. सर म्हनले, झोपू द्या तिला."

मी रडले. पण ते रडणं वेगळं होतं. त्या संध्याकाळी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

आता पुण्यात माझ्या घरी चारी दिशांना रेंज आहे, पण तसा कुणी झोपेवर पहारा देत नाही.

तोंडीला दुसऱ्या दिवशी सरांनी पहिलाच प्रश्न करप्याचा विचारला. मी बुरशीचं लांबलचक शास्त्रीय नाव आठवत बसले आणि ठिपके सांगायचे विसरले. तरी पास झाले! कॉलेज उघडल्यावर पेढे घेऊन सरांकडं गेले. पेढा तोंडात टाकत सर म्हणाले,

"अभिनंदन, कोमल. घरात दुसरी आलीस."