जशीच्या तशी

माझा नवरा पत्रा कापणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पत्र्याच्या शीटमधून एका दणक्यात झाकणं, कड्या, बिजागऱ्या पाडणाऱ्या मोठ्या प्रेसवर. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की मशीन कुरकुरायला लागलेलं कळत नाही, म्हणून कुणी घालत नसे. सगळ्यांचेच कान गेले, त्याचे जरा लवकर गेले. कारखान्यात त्याला ‘सायलेन्सर’ म्हणायचे. एक तर तो मुळात कमी बोलायचा, आणि पुढे समोरच्याचं ऐकूच येईना म्हटल्यावर उत्तर तरी काय देणार? त्याला या नावाचा राग नव्हता. मला होता.

मी दवाखान्याच्या टेलिफोनवर बसते. दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकायचं आणि योग्य त्या खोलीत जोडून द्यायचं. घरी आल्यावरही तेच काम. दूधवाला काय म्हणाला, शेजारीण काय म्हणाली, टीव्हीवरचा माणूस का ओरडतोय, सगळं मोठ्या आवाजात पुन्हा सांगायचं. आमच्या घरात दोन माणसं आणि कान मात्र एकीचेच होते.

आणि बाहेरच्या खोलीत, लोकांकडे जिथे सोफा असतो तिथे, मोटरसायकल. सहाशे सीसीची, चार सिलिंडरची, लाल-पांढरी, रेसच्या गाडीसारखी नाक खाली घालून उभी. उंबऱ्यावर फळी टाकून ती आत-बाहेर करावी लागे. घरात पेट्रोलचा वास कायमचा. माझी बहीण आली की नाकाला पदर लावून बसायची आणि म्हणायची, “अगं, तुझी सवत जरा बाहेर काढ ना.” मी हसायचे, पण तो टोमणा खरा नव्हता. त्या गाडीचा मत्सर मला कधी वाटला नाही. मला राग होता तो ती ज्यांची होती त्यांचा.

गाडी माझ्या मोठ्या दिरांची. दादांनी ती उमेदीच्या दिवसांत घेतली, दोन-एक वर्षं मिरवली, मग लांब नोकरी लागली आणि जाताना धाकट्याच्या हातात किल्ली ठेवून गेले. “चालू ठेव रे. मी आलो की दोघं घाटात जाऊ,” असं म्हणाले. बस, एवढंच. दादांच्या दृष्टीने तो निघतानाचा एक शब्द होता. माझ्या नवऱ्याने तो आयुष्यभराचा हुकूम समजला.

चालू ठेवायचं म्हणजे काय, हे दादांना माहीत होतं की नाही, देव जाणे. असल्या जुन्या गाडीला चार कार्ब्युरेटर असतात आणि त्यांत सुईच्या अग्राएवढी भोकं. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोलचा डिंक होतो आणि भोकं बुजतात. म्हणून ती पळवावीच लागते. बरं, नुसती पळवून भागत नाही. चारही कार्ब्युरेटरांनी एकसारखा श्वास घ्यायला हवा, नाहीतर गाडी थरथरते. त्यासाठी तो भिंतीवरच्या खिळ्याला हवेची ओढ दाखवणारे चार काटे लटकवायचा, त्यांच्या रबरी नळ्या इंजिनाला जोडायचा आणि एक इवलासा स्क्रू पिळत बसायचा. काटे तो बघायचा, आवाज मी ऐकायचे. कारण काटे कधीकधी खोटं बोलतात.

“तिसरा रुसलाय,” मी ओरडून सांगायचे.

“काट्यावर तर बरोबर दिसतोय.”

“काटा गेला खड्ड्यात. तिसरा रुसलाय.”

तो निमूटपणे तिसऱ्याकडे वळायचा. तिसराच नेहमी रुसायचा. मग एका क्षणी चौघांचा सूर जुळायचा आणि मी हात वर करायचे. तो आवाज त्याला ऐकू यायचा नाही. तो टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि हसायचा. आमच्या लग्नात आम्ही एकमेकांशी फार गोडगोड बोललो असं नाही, पण हे होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. मागची सीट म्हणजे टीचभर पाट, तोही उंचावर. पुढे तो टाकीवर पालथा पडल्यासारखा, मागे मी खुराड्यावरच्या कोंबडीसारखी. मागून हॉर्न आला की मी त्याच्या त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारायचे. डावीकडून गाडी आली, डावी थाप. ट्रक असेल तर दोन. या थापांवर आम्ही वर्षानुवर्षं डोंगरातली वळणं घेतली आणि एकदाच पडलो, तेही वळणावर कुणीतरी खडी सांडून ठेवली होती म्हणून. गाडीच्या डाव्या बाजूच्या प्लास्टिकच्या कवचाला लांबलचक ओरखडा गेला आणि माझं कोपर फुटलं. त्याने आधी मला उचललं, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या बहिणीचा यावर विश्वास नाही.

वय वाढलं तसं त्याची मनगटं आणि माझी कंबर बोलायला लागली. मग त्याने गाडीच आमच्या मापाची करून घेतली. कारखान्यातल्या लेथवर दोन ठोकळे कातून हँडल वर घेतलं. मागची सीट जाड करून आणली, पायांच्या दांड्या खाली सरकवल्या. कवचावरचा ओरखडा मात्र तसाच ठेवला. “रंगवून टाक की,” मी म्हणाले, तर म्हणाला, “राहू दे, आपलाच आहे.” तोवर गाडीचे मूळ भाग मिळेनासे झाले होते, म्हणून जुनं काही काढलं की तो ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा.

दादांचा फोन वर्षातून दोनदा यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, “कशी आहे माझी राणी?” पहिल्यांदा मला वाटलं, माझी चौकशी करतायत. मी लाजलेसुद्धा! नंतर कळलं, राणी म्हणजे गाडी.

“नावावर करून घे,” मी नवऱ्याला कितीदा सांगितलं. “इतकी वर्षं तू राबतोयस. त्यांना काय तिचं?”

“कसं विचारू? दादाला वाटेल, मी हडपायला बघतोय.”

“मग काय हवंय तुला?”

यावर तो बराच वेळ चेनला तेल लावत बसला. मग म्हणाला, “दादाने एकदा यावं, बसावं, घाटात एक फेरी मारावी. आणि म्हणावं, छान ठेवलीस. मग नेऊ दे हवं तर.” एवढंच हवं होतं त्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण काय करणार, माणसाची भूक ही अशी कुठेही अडकते.

आणि दादा खरंच यायला निघाले. नोकरी सोडून त्यांनी हॉटेल काढायचं ठरवलं होतं, आणि आता गाडीही न्यायची होती. फोनवर ते मला म्हणाले, “त्याला विचार, गाडी ओरिजिनल आहे ना? जशीच्या तशी?”

मी फोन बाजूला धरून ओरडले, “दादा विचारतायत, गाडी ओरिजिनल आहे का?”

नवऱ्याचा चेहरा उजळला. “होईल म्हणावं!”

“अरे, ते ‘आहे का’ विचारतायत. आहे तशी दाखव ना. आपण काय काय केलंय ते बघू दे त्यांना.”

“दादाला त्याची गाडी द्यायची,” तो म्हणाला. “माझी नाही.”

मग त्याने माळा रिकामा केला. फडक्यात गुंडाळलेलं एकेक जुनं हाड बाहेर आलं. वर घेतलेलं हँडल पुन्हा खाली गेलं, जाड सीट निघाली, तो टीचभर पाट परत बसला. पायांच्या दांड्या मूळ जागी गेल्या. मनगटं सुजली तरी तो थांबला नाही. शेवटी त्याने कवचावरचा ओरखडा भरला, घासला, आणि लाल रंगाशी लाल असा मिळवला की मलाही जागा सापडेना. मी माझं कोपर पुढे करून म्हटलं, “हेही रंगव मग.” त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. एखाद्या घरात वीस-बावीस वर्षं राहून निघताना भाडेकरू भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून भोकं बुजवतो, तसं त्याने आम्हा दोघांना त्या गाडीवरून पुसून काढलं. आणि हे सगळं करताना स्वारी खूश होती.

दादा आले. सोबत हॉटेल सजवणारा एक तरुण कॉन्ट्रॅक्टर होता. दादांनी गाडीभोवती फेरी मारली, “वा वा” म्हणाले, फोटो काढले. नवऱ्याने बाहेर काढून बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. चौघांचा सूर असा लागला होता की मी सवयीने हात वर केला. तो दादांकडे बघत होता.

दादांनी कानांवर हात ठेवले. “बंद कर रे बाबा! कान फाटतील.”

“बस ना, दादा,” नवरा म्हणाला. त्याने हेल्मेटसुद्धा पुसून ठेवलं होतं. दोन हेल्मेटं होती.

“छे, छे! कंबर बघतोस ना माझी? एवढं वाकलो तर उचलूनच न्यावं लागेल.”

मग गाडी न्यायला टेंपो आला. नवरा दादांना चोक किती ओढायचा, टाकी नेहमी भरलेली ठेवायची म्हणजे आतून गंजत नाही, हे सगळं समजावून सांगत होता आणि दादा मोबाइलकडे बघत “हो, हो” करत होते. मी सरळ विचारलं, “दादा, चालवणार ना कोणी?”

“अगं, हॉटेलात ठेवायचीय. काउंटरजवळ. एकदम दर्शनी!”

टेंपो गेल्यावर मी नवऱ्याला हे ओरडून सांगितलं. तो फळी उचलत होता. “दिवसभर ठेवेल तिथे,” तो म्हणाला, “सुट्टीच्या दिवशी काढेल की बाहेर.” मूर्ख माणूस! मला त्याच्या डोक्यात फळी घालावीशी वाटली, आणि मग तोच रिकाम्या खोलीत फरशीवरचा तेलाचा डाग पुसायला बसला, तर मीच आत जाऊन भांडी आपटत राहिले.

हॉटेल सुरू झालं त्या दिवशी आम्हाला आमंत्रण होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी एका काचेच्या चौथऱ्यावर होती, खालून निळा दिवा सोडलेला, चाकं बोल्टांनी जखडलेली. चेनवर सोनेरी रंग मारला होता. नवरा गुडघ्यावर बसला आणि त्याने इंजिनाखालचा ऑइलचा बोल्ट चाचपला, तो सैल होता. मग कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, “ऑइल कुठाय?”

“काढलं, काका. वास येतो ना. पेट्रोल, बॅटरी, आतलं जे जड होतं ते सगळंच काढलं. काच आहे खाली.”

मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं. पण त्याने त्या पोराचे ओठ वाचले होते. तो उठला, गुडघे झटकले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “दादाला माहीत नसेल,” तो म्हणाला.

लोक गाडीपाशी फोटो काढून घेत होते. अगदी नवी कोरी, असं जो तो म्हणत होता. ती किती पळलीय याचा आकडा वेगाच्या काट्याखाली स्वच्छ दिसत होता, पण हॉटेलात तो वाचायला कोण येतं?

मग संगीत बंद झालं आणि दादांनी माईक घेतला. आईवडील, मित्र, बँकेचे साहेब, सगळ्यांचे आभार मानून झाले. शेवटी त्यांनी आमच्याकडे हात केला. “आणि हा माझा धाकटा भाऊ! माझी ही राणी इतकी वर्षं याच्या घरी झाकून ठेवली होती. मी ठेवून गेलो तशीच्या तशी मिळाली मला. बोटसुद्धा लावलं नाही हो यानं! असा भाऊ मिळायला नशीब लागतं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोक आपल्याकडे बघून टाळ्या वाजवतायत, दादा हसतायत, हे बघून नवराही हसला आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या. जोरजोरात. मग माझ्याकडे वाकला. “काय म्हणाला दादा? गाडीबद्दल बोलला ना?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टर कँटीनमध्ये असताना ‘राउंडला गेलेत’ म्हणून मी रोज सांगते, जीभ सरावलेली आहे. पण ती माझ्याही हातची गाडी होती. तिसरा मी ऐकला होता, कोपर माझं फुटलं होतं. आणि या माणसाला काहीही सांगायचं म्हणजे हळू सांगताच येत नाही.

“ते म्हणाले, तू गाडीला बोटसुद्धा लावलं नाहीस! इतकी वर्षं नुसती झाकून ठेवलीस म्हणाले!”

हॉल एकदम शांत झाला. कुणीतरी मागे हसलं आणि मग तेही थांबलं. दादांच्या हातातला माईक चालूच होता, त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. नवऱ्याने गाडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मग त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

“हळू बोल ना,” तो म्हणाला. “लोक ऐकतायत. दादाला काय वाटेल?”