हिराची इर्जिक

हिरा सकाळी उठली की आधी आपल्या खाटेला नमस्कार करायची. देवाचा नंबर त्यानंतर. खाट कसली, करकरणारा लोखंडी सांगाडा, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला. पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. ही कोणत्या पंथाची उपासना, असं मी तिला विचारलं. तिला राग आला नाही. चादर ताणून बसवत ती म्हणाली, "आजवर म्या कुनाच्या ना कुनाच्या कडंला झोपले. ही खाट माजी हाये, माज्या एकलीची. मंग तिला नमस्कार नगं?"

ही गोष्ट संस्थानी काळातली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची. भोरात एका छोट्या दवाखान्याला जोडून नर्सबाई तयार करण्याचा वर्ग निघाला होता. आम्ही मोजक्याच मुली. मी गावातल्याच एका कारकुनाची मुलगी. मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं माझ्या वडिलांना वाटे, आणि वडिलांचं डोकं फिरलंय असं उरलेल्या सगळ्या नातेवाइकांना वाटे. नगरकडची मार्था गाण्यात आणि जेवण्यात सारखीच तरबेज. आणि ही हिरा, वेल्ह्याच्या अलीकडे तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतली. न कळत्या वयात लग्न झालेलं, कळू लागायच्या आत नवरा गेलेला. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. वाडीत एकदा देवीची लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी तिला मुलं धरून बसवताना पाहिलं आणि भावाच्या मागे लागून तिला इकडे आणवलं. मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती, तेवढ्यावर मेट्रनबाईंनी तिला कशीबशी आत घेतली.

मला वाटलं होतं, अशी बाई कोपऱ्यात बसून रडणार आणि तिची समजूत काढायचं काम माझ्याकडे येणार. मी त्या तयारीनंच आले होते. पण हिराला रडायला सवडच नव्हती. तिला सगळ्याची मजा वाटे. कांजी केलेला एप्रन चालताना खसखस वाजतो म्हणून ती विनाकारण व्हरांड्यातून फेऱ्या मारी. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेले कॅनव्हासचे बूट तिनं सुरुवातीला पायांपेक्षा हातातच जास्त वागवले. सुट्टीच्या दिवशी आम्ही उत्रोलीच्या रस्त्यानं फिरायला जात असू. तेव्हा येताना बाजारात ती सोडावॉटरची बाटली घेई आणि गोटी फटकन आत पडली की पिण्याआधीच पोटभर हसून घेई.

"ब्येस हाये की," हे तिचं पालुपद. भात करपला, ब्येस हाये की, खरपुडी खायला मिळंल. बेडपॅन धुवायची पाळी आली, ब्येस हाये की, तेवढंच पान्यात हात. एकदा मेट्रनबाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं, कारण ताप पाहायची काचेची नळी झटकता झटकता तिनं ती थेट भिंतीवर फोडली होती. मी असते तर आठवडाभर तोंड वर काढलं नसतं. ही बाहेर आली ती हसतच. "बाईंनी धा येळा माजं नाव घ्येतलं," म्हणाली. "आमच्याकडं दीस-दीस कुनी नाव घेत न्हाई. ब्येस वाटलं." तेव्हा मला ही तिची आणखी एक गंमत वाटली होती.

अभ्यास मात्र तिला जड जाई. हाडांची नावं काही केल्या डोक्यात राहीनात. मग तिनं ती गाण्यात घातली. भाताच्या लावणीला बायका म्हणतात त्या चालीवर मांडीखाली वाटी, वाटीखाली नडगी, नडगीखाली घोटा अशी ती डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस गाऊन काढी. आम्ही आधी तिची टिंगल केली आणि परीक्षा जवळ आल्यावर निमूटपणे तेच गाणं पाठ केलं. मेट्रनबाई वॉर्डात गाऊ देत नसत. हिरा ओठ मिटून गुणगुणे आणि खाटेवरचे म्हातारे ठेका धरत.

तिनं आम्हाला इर्जिक शिकवली. त्या डोंगरी भागात भाताची लावणी एकट्यादुकट्याच्या हातून होत नाही. एखाद्याचं शेत मागे पडलं की सगळी वाडी आपापली अवजारं घेऊन त्याच्या शेतात उतरते, काम पुरं करते, आणि त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं. मजुरी नाही, उपकार नाही, उद्या तुमची पाळी आली की तोही येतो. आमच्याकडे शनिवारी धुतलेल्या पट्ट्यांचे ढीग येत आणि ते गुंडाळून ठेवायचं काम आळीपाळीनं एकेकीवर पडे. हिराला हे पटेच ना. एकलीनं बसून कामं करायची तर येवढ्या जनी जमलो कशाला, असं तिचं म्हणणं. तिनं सगळ्यांना गोल बसवलं, गाणं लावलं, आणि तासाभरात ढीग संपला. जिची पाळी तिनं गूळ-शेंगदाणे द्यायचे. पुढे तर आपली पाळी कधी येते याची आम्ही वाट पाहू लागलो. खरं सांगायचं तर, माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस ते, आणि ते हिरानं दिले.

दुसऱ्या वर्षी आषाढात परीक्षा तोंडावर आलेली असताना तिचा भाऊ आला. घोंगडीची खोळ पांघरलेला, ओलाचिंब खंडूदादा व्हरांड्यात उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. बायको नुकतीच बाळंत झालेली, आई तापानं आडवी, आणि रोपं लावणीची वेळ टळून पिवळी पडायला लागलेली. वाडीतल्या लोकांनी एक दिवस मदत केली, पण यंदा पाऊस सगळ्यांना एकदमच गाठून आला होता आणि ज्याला त्याला आपलं रान होतं. तो हिराला न्यायला आला होता. मेट्रनबाईंनी सांगितलं की आता गेली तर परीक्षा बुडेल आणि वर्ष जाईल. पुढच्या वर्षी पाठवाल का, असंही त्यांनी विचारलं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "पुन्यांदा धाडनं व्हायचं न्हाई, बाई. माजे हात दोनच हायेत."

हिरा आत वळली. खोलीत येऊन तिनं लुगडी गाठोड्यात बांधली, बूट पुसून खाटेखाली ठेवले. ब्येस हाये की, असं ती काही म्हणाली नाही, आणि ते न म्हणणंच मला सोसेना. तेवढ्यात मार्था म्हणाली, "इर्जिक घालू या ना."

एवढं साधं आम्हाला सुचलं नव्हतं. मेट्रनबाई तोवर आम्हाला नियमांचं पुस्तकच वाटत होत्या. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, शनिवार-रविवारची रजा मिळेल, पण मुली एकट्या जाणार नाहीत, मी बरोबर येईन. घरी माझ्या आईनं बोलणं टाकलं. वडिलांनी मुकाट्यानं आपली छत्री आणून दिली.

शुक्रवारी दुपारीच निघून सर्व्हिस मोटारीनं नसरापूरला उतरलो आणि पुढे खंडूदादाच्या बैलगाडीतून चिखल तुडवत वाडीवर पोचलो. वाटेत हिरा आम्हाला तोरणा दाखवत होती, ओढ्यांची नावं सांगत होती. वाडी दिसू लागली तशी ती हळूहळू गप्प होत गेली. वेशीपाशी तिनं पदर असा पुढे ओढला की तिचं नाकसुद्धा दिसेना.

सकाळी भाताच्या खाचरात उतरायच्या आधी तिच्या चुलतीनं बांधावर हळदकुंकू वाहिलं आणि लावणीला आलेल्या बायकांना लावलं. मला लावलं. मेट्रनबाईंना लावलं. मार्थानं आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं, तर चुलती म्हणाली की रानाला काय ठावं, आणि तिलाही लावलं. हिरा मात्र लांब, बांधाच्या टोकाशी पाठ करून उभी होती. रोपांची पहिली मूठ लावून झाल्यावर ती खाली उतरली ती थेट ओळीच्या शेवटाला. तिला कोणी वाईट बोललं नाही. तिच्याशी कोणी काहीच बोललं नाही. रोपं पाहिजे असली की 'हिकडं द्या गं कुनीतरी' म्हणायचं, आणि ते कुनीतरी म्हणजे हिरा.

आमच्या लावणीबद्दल न बोललेलं बरं. मी रोपं इतकी खोल गाडत होते की चुलतीनं विचारलं, पुरायची हायेत का लावायची? माझं सोवळं तर पहिल्या पावलालाच चिखलात बुडालं होतं. बायका गाणं म्हणत होत्या, हिराचा आवाज त्यात नव्हता. मी सरकत सरकत तिच्याजवळ गेले आणि गात का नाहीस म्हणून विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "हितं न्हाई गं."

खाटेचा नमस्कार, नाव घेतल्याचा आनंद, ती व्हरांड्यातली खसखस, सगळं मला तिथं चिखलात उभ्या उभ्या कळलं. मी ज्याला तिची गंमत म्हणत होते ते एका माणसाचं जिवंत असणं होतं, आणि ते फक्त आमच्या त्या खोलीतच चालू होतं. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

दुपारनंतर सगळ्यांच्या कमरा गेल्या, गाणंही बसलं. कुणी काही म्हणेना तेव्हा मार्थानं आमचं हाडांचं गाणं सुरू केलं. गोड गळा तिचा, पण दमलेली, आणि अभ्यास बेताचाच. "मांडीखाली मनगट गं बाई," असं तिनं जोरात म्हटलं.

ओळीच्या शेवटाहून आवाज आला, "अगं मनगट न्हवं, वाटी! वाटी!"

आणि हिरा हसायला लागली. ती हसली की थांबता येत नसे तिला. पदर मागे पडला, तोल गेला, मातीत बसली तरी हसतेच आहे. मग तशीच उठून तिनं गाणं पहिल्यापासून धरलं, मोकळ्या आवाजात, आणि आम्ही मागून म्हणू लागलो. वाडीच्या बायका मूठ हातात घेऊन बघत राहिल्या. त्यांतली एक पोर हळूच आमच्यात मिसळून म्हणू लागली, मग दुसरी. पलीकडच्या खाचरात खंडूदादा चिखलणी करत होता, त्यानं बैल थांबवले. चुलतीनं गाणं थांबवलं नाही. मेट्रनबाई कमरेत वाकून ठेका धरत होत्या.

रात्रीच्या जेवणाला नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी होती. खंडूदादा स्वतः वाढत होता. काम मात्र पुरं झालं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या हातानं किती होणार? वरची खाचरं तशीच राहिली होती, आणि हिरा आमच्याबरोबर परत येणार की नाही हे त्याला विचारायचा आमच्यात कुणाला धीर नव्हता. सकाळी आम्ही गाडीत बसलो. हिरा दारात उभी होती. खंडूदादा आत गेला, तिचं गाठोडं घेऊन आला, गाडीत ठेवलं आणि तिला म्हणाला, "बस. परीक्षा हाये न्हवं तुजी."

हिरा पास झाली. वेल्ह्याच्या बाजूला तिला नेमणूक मिळाली, आणि त्या खोऱ्यात कुठलं पोर तिच्या हातावर आलं नाही असं विचारावं लागे. मी संसारात पडले, तरी आमच्या भेटी होत राहिल्या. प्रत्येक भेटीत ती हसून मला थकवायची. पुढे कित्येक वर्षांनी ती गेली, थोड्याशा आजारानं, कुणाला फार त्रास न देता. दहाव्याला मी वाडीवर गेले. माणसं मावत नव्हती. खंडूदादा आता वाकला होता, पण मला त्यानं ओळखलं.

ओढ्याकाठी आम्ही दोघंच बसलो असताना मी त्याला विचारलं, त्या वर्षी वरच्या खाचरांचं पुढे काय झालं?

"ऱ्हायली तशीच. रोपं कुजून गेली," तो म्हणाला. "दिवाळीला हिरा आली तवा तिला सांगितलं, बांध फुटून व्हावून गेली. तिला खरं कदी कळू दिलं न्हाई."

मग इतकी नड असून तिला का पाठवलंत, असं मी विचारलं. 

"बाई, तिचा दाल्ला गेल्यापास्नं माज्या घरात हुती ती. माज्या भैनीला हसता येतं ह्ये म्या इसरलो हुतो. त्या दिशी कानानं ऐकलं. मंग तिला पुन्यांदा गप कशी करायची?"